‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’: गोव्यात बांधलेल्या फ्रिगेटचा आराखडा जुना आहे का?

फोंड्याचा वाचक:
जुलै २०२४ मध्ये ‘त्रिपुट’ आणि मार्च २०२५ मध्ये ‘तवस्य’ या क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेटचे (मध्यम आकाराच्या युद्धनौकांचे) वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये जलावतरण झाले. तेव्हापासून आमच्या वाचनालयात या विषयावर बोलणे सुरू आहे. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, माझगाव डॉकने बांधलेली ६,६७० टनांची ‘निलगिरी’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली, मग आपल्याकडे सुमारे ३,६०० टनांची, मूळ रशियन धाटणीची ‘तलवार’ वर्गाचीच पुढची आवृत्ती का बांधली जाते? हा आराखडा जुना झाला आहे का, आणि झाला असल्यास नेमका कोणत्या बाबतीत? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सागरवेध:
या वर्गाची मुळे ‘क्रिव्हाक’ या सोव्हिएत पाणबुडीविरोधी जहाजांत आहेत, आणि ती जहाजे १९७० च्या दशकातली. परंतु भारताने १९९७ मध्ये करार केला तो त्या जहाजांसाठी नव्हे. सेंट पीटर्सबर्गच्या सेव्हेर्नोये आरेखन संस्थेने वरचे सगळे बांधकाम नव्याने आखले, आणि शत्रूच्या रडारची लहर आदळून सरळ परत जाऊ नये म्हणून बाजूच्या भिंतींना उतार दिला. ‘तलवार’, ‘त्रिशूल’ आणि ‘तबर’ २००३-०४ मध्ये आल्या, ‘तेग’, ‘तरकश’ आणि ‘त्रिकंड’ २०१२-१३ मध्ये, तर रशियातील कालिनिनग्राडला बांधलेल्या ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ अनुक्रमे डिसेंबर २०२४ आणि जुलै २०२५ मध्ये दाखल झाल्या. वीस वर्षांच्या या प्रवासात बाह्याकार फारसा बदलला नाही, आतली शस्त्रे मात्र बदलत गेली. पहिल्या तिघींवर ‘क्लब’ क्षेपणास्त्रे होती, ‘तेग’पासून पुढच्या भागात आठ उभ्या नळ्यांमध्ये ‘ब्रह्मोस’ आले. विमानविरोधी ‘श्टिल’ पूर्वी एकाच हाताच्या लाँचरवरून सुटत असे आणि प्रत्येक वेळी तो हात पुन्हा भरावा लागे. ‘तुशिल’वर तीही उभ्या नळ्यांत गेली.

माझ्या मते वय जाणवते ते हवाई संरक्षणात, आणि ते मोकळेपणाने मान्य करावे. ‘श्टिल’ला लक्ष्य स्वतः शोधता येत नाही. जहाजावरच्या खास रडारने लक्ष्यावर शेवटपर्यंत झोत धरून ठेवावा लागतो आणि परावर्तित लहरींचा माग काढत क्षेपणास्त्र जाते. झोत टाकणारी रडारे मोजकीच असल्याने एका वेळी किती लक्ष्यांशी लढता येईल, यावर तेथेच मर्यादा येते. ‘निलगिरी’वरच्या ‘बराक-८’ या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या नाकात स्वतःचे रडार असते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात ते जहाजावर अवलंबून राहत नाही. एकाच वेळी अनेक दिशांनी क्षेपणास्त्रे आली तर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

झुआरीकाठ:
वरील विवेचन योग्य आहे. मी बांधणीच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझे आयुष्य जहाजबांधणीत गेले आहे.

या वर्गाच्या प्रोपेलरना फिरवायला डिझेल इंजिन नाही. चारही गॅस टर्बाइन आहेत: दोन लहान, नेहमीच्या प्रवासासाठी, दोन मोठ्या, २८ नॉटपर्यंतचा (ताशी २८ सागरी मैलांचा) वेग गाठण्यासाठी. ‘निलगिरी’ संथ प्रवासात डिझेलवर चालते, म्हणून तिचे इंधन वाचते. टर्बाइन वजनाने हलकी असते आणि थंड अवस्थेतून लवकर जोर धरते, पण कमी वेगातही इंधन भरपूर खाते. शिवाय ही टर्बाइन युक्रेनमधील मायकोलाइवच्या कारखान्याची. २०१४ नंतर युक्रेनने रशियाचा पुरवठा बंद केला, तेव्हा रशियन नौदलासाठी सुरू केलेले या जातीचे तीन सांगाडे इंजिनाविना अडकून पडले. त्यांतल्या दोहोंसाठी भारताने स्वतः टर्बाइन खरेदी करून रशियाला पोहोचवल्या. तीच जहाजे आज ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ आहेत.

टर्बाइन, गिअरबॉक्स आणि प्रोपेलरचा लांबलचक शाफ्ट एका रेषेत बसवणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत नाजूक काम. एप्रिलच्या उन्हात डेक तापला की वरचे पोलाद प्रसरण पावते, खालचे तेवढे पावत नाही, आणि सव्वाशे मीटरचा सांगाडा डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो. म्हणून रेषा पाहण्याचे काम रात्री किंवा पहाटे, सगळे पोलाद सारखे थंड झाल्यावर करतात, आणि जवळपास वेल्डिंग चालू देत नाहीत. जहाज पाण्यावर गेले की त्याचा आकार पुन्हा किंचित बदलतो, त्यामुळे तीच मापे नव्याने घ्यावी लागतात. जलावतरणानंतर जहाज वर्ष-दोन वर्षे धक्क्यालाच दिसते, तेव्हा काम थांबले आहे असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात केबल, पाइप, रडार, शस्त्रे यांची खरी गर्दी तेव्हाच असते.

गोव्याला हेच जहाज का मिळाले, याचे उत्तर मला यात दिसते. १९५७ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली सुरू झालेल्या या यार्डाने या फ्रिगेटच्या आधी १०५ मीटरच्या ‘सरयू’ वर्गाच्या गस्तीनौका बांधल्या होत्या. गस्तीनौकेवर तोफा आणि डिझेल इंजिने असतात. फ्रिगेटवर क्षेपणास्त्रे, टॉर्पेडो, सोनार (ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणारे यंत्र) आणि टर्बाइन हे सगळे एकमेकांशी जुळवावे लागते. जानेवारी २०१९ च्या कराराने ही उडी सिद्ध झालेल्या आराखड्यावर घेता आली. यार्डही नवखे आणि आराखडाही नवा, असे दोन्ही एकदम असते तर चुकले कुठे हेच कळले नसते.

दर्यावर्दी:
सेवेचा हिशेबही मांडला पाहिजे. २०१५ मध्ये येमेनमधून नागरिकांना बाहेर काढताना ‘मुंबई’ ही विनाशिका आणि ‘तरकश’ यांच्याबरोबर ‘सुमित्रा’ होती, आणि ‘सुमित्रा’ ही वास्कोतच बांधलेली ‘सरयू’ वर्गाची नौका. जुलै २०२४ मध्ये ओमानजवळ तेलवाहू जहाज उलटले तेव्हा ‘तेग’ने नऊ खलाशांना वाचवले, त्यांतले आठ भारतीय होते. ‘तबर’ने नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात चाच्यांचे जहाज बुडवले, ते अपहृत थाई मासेमारी जहाज असल्याचे आणि त्यावर ओलीस खलाशी असल्याचे नंतर उघड झाले. ही घटना नोंदीतून वगळू नये. बारा महिने समुद्रावर राहण्याचे काम या वर्गाने केले आहे, आणि अशा कामासाठी प्रत्येक वेळी ‘निलगिरी’ पाठवणे परवडणारे नाही.

फोंड्याचा वाचक:
सर्वांचे आभार. एक उपप्रश्न: ‘ब्रह्मोस’चा पल्ला शेकडो किलोमीटर, पण जहाजाचे रडार समुद्रसपाटीवर क्षितिजापलीकडचे पाहू शकत नाही. मग नेम कसा धरतात?

सागरवेध:
बहुतांशी हेलिकॉप्टरच्या आधारे. या वर्गावर एका हेलिकॉप्टरचा हँगर आहे. त्यात पाणबुडीच्या शोधासाठी ‘कामोव्ह-२८’ किंवा टेहळणीसाठी ‘कामोव्ह-३१’ नेता येते. ‘कामोव्ह-३१’च्या पोटाखाली दुमडलेला मोठा अँटेना उड्डाणानंतर खाली उघडतो आणि फिरू लागतो, आणि उंचीमुळे जहाजाला न दिसणारे त्याला दिसते. दोन पंखे एकावर एक असल्याने शेपटीचा पंखा लागत नाही, म्हणून ते लहान डेकवरही मावते. जागा मात्र एकाचीच. त्यामुळे निघतानाच ठरवावे लागते की या फेरीत पाणबुडी शोधायची की आकाशावर आणि समुद्रपृष्ठावर नजर ठेवायची.