मदत हवी आहे: एकट्या राहणाऱ्या आईच्या घरात कॅमेऱ्याशिवाय लक्ष ठेवायचं आहे, पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर) दगा देतोय

खटपट्या
नागपूर, दुसरा मजला, वन बीएचके. आई ७८ वर्षांची, एकटी राहते. कॅमेरा नको, मनगटाला पट्टा नको, गळ्यात बटण नको, हे तिनं ठणकावून सांगितलंय. मला पुण्यात एवढंच कळायला हवं: सकाळची नेहमीची हालचाल झाली नाही, किंवा ती बाथरूममधून बाहेर आली नाही.

सध्या हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, पॅसेज अशा चार ठिकाणी एचसी-एसआर५०१ (पीआयआर सेन्सर), प्रत्येकाच्याच डबीत ईएसपी८२६६ (छोटा वायफाय बोर्ड), आणि हॉलमध्ये रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (सगळ्या सेन्सरच्या नोंदी एकत्र करणारं सॉफ्टवेअर). अडचणी:
१) रात्री अडीच-तीनला रिकाम्या हॉलमध्ये हालचाल दिसते.
२) मे महिन्यात दुपारी ती खोलीत वावरत असली तरी काहीच नोंद नाही.
३) वीज गेली की 'हालचाल नाही' असा इशारा येतो.
रेंज आणि डिलेचे दोन्ही स्क्रू फिरवून झाले. सेन्सर बदलू का?

तारजोड
'प्रत्येकाच्याच डबीत' इथेच पहिल्याचं उत्तर आहे. ईएसपीचा वायफाय अँटेना पीआयआरजवळ असला की डेटा पाठवताना तो पीआयआरला खोटा ट्रिगर देतो. सेन्सर २०-३० सेंमी लांब न्या, शील्ड असलेली वायर वापरा, सेन्सरच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. जागा नसेल तर एएम३१२ हा छोटा पीआयआर लावा, त्याला हा त्रास कमी. मात्र त्याचा पल्लाही कमी, तीनेक मीटर धरा.

दुसरी अडचण सेन्सरची नाही, विदर्भाच्या उन्हाची आहे. पीआयआर माणूस पाहत नाही, अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानातला फरक पाहतो. त्वचा ३४-३५ अंश, मे महिन्यात पश्चिमेची भिंत ३७-३८. मध्ये एक वेळ अशी येते की फरकच उरत नाही. स्क्रू कितीही पिळा, उपयोग नाही. कूलर लावला की उलट त्रास: झोताने पडदा हलतो आणि खोटी नोंद होते. सेन्सर कोपऱ्यात, २ ते २.२ मीटर उंचीवर, खिडकी आणि कूलर दोन्हींकडे पाठ करून. माणूस त्याच्यासमोरून आडवा जायला हवा. सरळ अंगावर चालत आलेलं त्याला कमी कळतं.

सौ_सर्किट
दुपारसाठी हालचालीवर विसंबूच नका. रोज हात लागतोच अशा गोष्टींवर रीड स्विचचे (चुंबक जवळ-लांब झाला की चालू-बंद होणारे) झिगबी (वायफायसारखंच, पण कमी वीज खाणारं बिनतारी जाळं) सेन्सर लावा: फ्रिजचं दार (सकाळचं दूध), बाथरूमचं दार, मुख्य दार. त्यांना उन्हाचं काही देणंघेणं नाही. लोखंडी सेफ्टी डोअरवर मात्र लोखंडच चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं; चुंबक आणि सेन्सर दोन्हींखाली ८-१० मिमी प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. फ्रिजवर सेन्सर बाहेरून लावा. आत लावला तर थंडीने बटण सेल लवकर बसतो, आणि पत्र्यातून सिग्नलही नीट येत नाही.

वायफाय ११ नंबर चॅनेलवर असेल तर झिगबी १५ किंवा २० वर ठेवा. झिगबीचा डोंगल (त्याचे सिग्नल घेणारी यूएसबी कांडी) पायच्या निळ्या यूएसबी पोर्टात थेट खुपसू नका, मीटरभर एक्सटेंशन घ्या.

तारजोड
तिसरी अडचण राहिली. 'हालचाल नाही' आणि 'माहितीच येत नाही' या दोन वेगळ्या अवस्था ठेवा. प्रत्येक ईएसपीने दर ५ मिनिटांनी 'जिवंत आहे' असा संदेश पाठवायचा. पायने घराबाहेरच्या एखाद्या सर्व्हरला तसंच कळवायचं. २० मिनिटं शांतता झाली तर त्या सर्व्हरने तुम्हाला 'वीज किंवा नेट गेलं' एवढंच सांगायचं. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस द्या.

याहून घातक गोष्ट वीज परत आल्यावर होते. एसआर५०१ सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर आपोआप एक-दोन पल्स देतो. म्हणजे आई पडलेली असली तरी पडद्यावर 'हालचाल दिसली'! सुरुवातीची ९० सेकंदं कोडमध्ये फेकून द्या.

खटपट्या
बाथरूममध्ये एलडी२४१० रडार चालेल का?

सौ_सर्किट
चालेल, पण बेतानं. तो २४ गिगाहर्ट्झचा, प्लास्टिक आणि प्लायच्या दारातून पलीकडचंही पाहतो. त्याचं एक गेट (अंतराचा टप्पा) पाऊण मीटरचं. तीन गेट ठेवा, म्हणजे सव्वादोन मीटर, पुढची बंद. एक्झॉस्ट फॅन त्याला माणूस वाटतो, त्या दिशेला तोंड नको. बंद प्लास्टिकच्या डबीत, दाराच्या वर. ५ व्होल्टचा अडॅप्टर बाथरूमच्या बाहेरच ठेवा. बॅटरीवर तो टिकत नाही.

निश्चल पडलेला माणूस त्याला दिसेलच असं नाही. म्हणून रडार 'रिकामं' म्हणतोय या भरवशावर इशारा रद्द करू नका. नियम दारावर बांधा: दार बंद झालं, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत ना ते उघडलं ना घरात कुठे हालचाल, तर इशारा.

तारजोड
'घर रिकामं' हे ठरवतानाही जपा. मुख्य दार उघडलं-मिटलं आणि १० मिनिटं हालचाल नाही, म्हणजे बाहेर गेल्या, असा नियम बहुतेक जण लिहितात. पण कचऱ्याच्या गाडीसाठी दार उघडून त्या परत जपाला बसल्या तर? सगळे इशारे गप्प. या अवस्थेला ३ तासांची मर्यादा घाला, मग तुम्ही फोन करा.

पहिले तीन आठवडे इशारे बंद, फक्त नोंदी. त्यातली सर्वांत उशिराची 'पहिली हालचाल' घ्या, ४५ मिनिटं मिळवा, ती सकाळची सीमा. काय-काय लावलंय ते आईंना दाखवा आणि चोवीस तासांसाठी सगळं बंद करणारं बटण त्यांच्या हातात द्या, नाहीतर त्या सरळ प्लग काढतील.

खटपट्या
छान. इशारा आला की आधी आईला फोन, मग शेजारच्या काकूंना. त्यांच्याकडे किल्ली आहे.

सौ_सर्किट
आई रात्री आतून कडी लावत असतील तर त्या किल्लीचा उपयोग शून्य. कडी काढून बाहेरून किल्लीनं उघडणारं नाइट लॅच बसवा, आणि बाथरूमला बाहेरून नाणं घालून फिरवता येणारी कडी. सुताराचं तासाभराचं काम आहे, सेन्सरच्या आधी हे करा.