मोरोक्को डिसेंबर (फक्त प्लॅनिंग, फॉरवर्ड नकोत)

शीलाकाकू: सगळ्यांना नमस्कार 🙏 मी चार दिवस गप्प बसले होते पण आता बोलते. फेझचं राहण्याचं ठरलं हे मला आज भाजी घेताना सुधाकडून कळलं. ठरलं असेल तर आनंदच आहे. फक्त एवढंच सांगा की ज्या घरात आपण उतरणार तिथपर्यंत गाडी जाते का. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे इथे सगळ्यांना माहीत आहे असं मी धरून चालते.

प्राचीवहिनी: आई ठरलं नाहीये, फक्त होल्ड केलंय. उद्या रात्री बारापर्यंत फुकटात कॅन्सल होतं. मी शनिवारीच लिंक टाकली होती इथे.

शीलाकाकू: शनिवारी तात्यांचे एकवीस सुप्रभात होते त्यात ती लिंक कुठे गेली असेल.

तात्या: ग्रुपचं नाव बदलल्यापासून मी एकही सुप्रभात टाकलेलं नाही. नोंद घ्यावी.

हेमंत: आई तू खालच्या मजल्यावर आहेस, वर ये ना, बोलू.

शीलाकाकू: नको. ग्रुपवरच. नंतर कोणी म्हणायला नको की काकूंनी तेव्हा सांगितलं नव्हतं.

बापूकाका: हॉटेल स्टेशनजवळ असावे.

कुंदाआत्या: अरे बापू, स्टेशनजवळ राहायला आपण काय परीक्षेला चाललोय का?? फेझला जाऊन नव्या शहरात राहायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन बायपासच्या लॉजवर उतरण्यासारखं आहे. प्राचीने दाखवलेलं रियाद मी तीनदा बघितलं, मधे चौक, कारंजं, चारी बाजूंनी खोल्या, त्या निळ्याहिरव्या तुकड्यांच्या फरशा. डिट्टो आपला वाडा!

बापूकाका: रियाद तर सौदीत आहे. तिकडून का जातोय आपण?

ओंकार: 😂😂 काका

तात्या: शब्द एकच आहे बापूराव. अरबीत बाग या अर्थाचा. आत झाडं असलेला चौक असेल तर रियाद, नुसता फरशीचा चौक आणि कारंजं असेल तर ते दार. म्हणजे घर. प्राचीने दाखवलंय ते कारंजंवालं आहे, झाड एकही नाही, म्हणजे दार. पण हल्ली सगळेच रियाद म्हणतात, भाडं जास्त घेता येतं.

हेमंत: तात्या मूळ प्रश्न गाडीचा होता.

प्राचीवहिनी: गाडी आत जात नाही. जुन्या शहरात कुठेच जात नाही, आपल्याला एकट्यालाच नाही असं नाही. टॅक्सी बाहेर सोडते, तिथून त्यांचा माणूस हातगाडी घेऊन येतो, सामान तो नेतो, आपण फक्त चालायचं. मालक सात मिनिटं म्हणाला.

शीलाकाकू: म्हणजे माथेरान.

ओंकार: आला. माथेरान आला. मी आईशी पैज लावली होती की दहा मेसेजच्या आत येणार

हेमंत: आई प्लीज. त्याला अकरा वर्षं झाली.

शीलाकाकू: माथेरानला पण "दस्तुरीला गाडी सोडायची, पुढे थोडंसंच" असं सांगितलं होतं. ते थोडंसं मी पावसात कोणाच्या खांद्यावर हात ठेवून चालले ते या ग्रुपवर सगळ्यांनी बघितलंय. आणि माझी बॅग दुसऱ्याच हॉटेलात गेली. दोन दिवस मी सुधाच्या गाऊनवर काढले. बुकिंग कोणी केलं होतं ते मी नाव घेऊन सांगत नाही.

सुधाकाकू: वहिनी तो गाऊन अजून तुमच्याकडेच आहे 😊

बापूकाका: हॉटेल स्टेशनजवळ असावे. स्टेशन नव्या शहरात आहे.

केतकी (रॉटरडॅम): सॉरी सगळे, आत्ता मीटिंग संपली. १३२ मेसेज?? बरं, मी २०१९ ला तीन रात्री फेझला होते म्हणून जरा लांबलचक लिहिते, कृपया मधे माथेरान आणू नका. शीलामामीचं चुकत नाहीये. फेझचं जुनं शहर, फेस-अल-बाली म्हणतात त्याला, ते एका उतारावर आहे. वर पश्चिमेला बाब बू जलूद, तो प्रसिद्ध निळा दरवाजा, आणि त्याच्या बाजूला बाथा नावाचा चौक, तिथपर्यंत टॅक्सी येते. तिथून ताला कबिरा आणि ताला सगिरा असे दोन मोठे रस्ते, मोठे म्हणजे दोन माणसं आणि एक खेचर जाईल एवढे, ते खाली खाली उतरत करावियीन या जुन्या मोठ्या मशिदीपाशी जातात. खाली अजून पुढे रसिफचा चौक, तिथे परत टॅक्सी मिळते. म्हणजे उतरताना मजा आणि चढताना जीव जातो. हुशार माणसं काय करतात, वरून उतरतात, खाली रसिफला निघतात आणि टॅक्सीने परत वर येतात. तर प्रश्न रियाद की हॉटेल हा नाहीचे. प्रश्न आहे शेवटची टॅक्सी जिथे थांबते तिथून दारापर्यंत किती, आणि रस्ता सपाट आहे का. वहिनी, त्या मालकाची सात मिनिटं कुठून मोजलीत विचार, आणि त्यात पायऱ्या किती ते पण विचार, कारण तिकडचे लोक बकरीसारखे चालतात.

कुंदाआत्या: बघा माझी लेक कशी सांगते.

शीलाकाकू: थँक्यू केतकी. निदान कोणीतरी समजून घेतलं.

प्राचीवहिनी: मी पण विचारणारच होते. (सगळं माझ्याच अंगावर घेतलंय म्हणून विचारायला वेळ लागतोय एवढंच)

हेमंत: प्राची 🙏

ओंकार: बाब बू जलूद किती जुना आहे? सेल्फीसाठी विचारतोय

तात्या: १९१३! गंमत तीच आहे. शहर ७८९ चं, इद्रिस पहिला याने वसवलेलं, करावियीन ८५९ ची, फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने काढलेली, आणि सगळे फोटो काढतात तो दरवाजा मात्र फ्रेंचांच्या काळातला. बाहेरून निळा, आतून हिरवा. बापूराव जे नवं शहर म्हणतायत तेही फ्रेंचांचंच. ३० मार्च १९१२ ला फेझलाच तह होऊन मोरोक्को फ्रेंचांच्या हाताखाली गेला आणि लिओते नावाचा त्यांचा मुख्य अधिकारी आला. त्याने ठरवलं की जुनी शहरं पाडायची नाहीत, शेजारी वेगळं युरोपियन शहर बांधायचं, रुंद रस्ते, झाडं, कॅफे. आपल्याकडे पुणं आणि कॅम्प तसंच. तुम्ही पेठेत राहणार का कॅम्पात, एवढाच हा वाद आहे.

बापूकाका: कॅम्पात. स्टेशन जवळ पडते.

ओंकार: 😂😂😂

कुंदाआत्या: यांना विचारायची सोय नाही. करावियीन आतून बघता येईल ना पण?

तात्या: मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही. दरवाजातून डोकावायचं. बू इनानिया मद्रसा मात्र बघता येतो, चौदाव्या शतकातला आहे, लाकडावरचं काम बघून घ्या.

शीलाकाकू: विषय पायऱ्यांचा होता.

केतकी (रॉटरडॅम): अजून दोन गोष्टी ज्या फोटोत दिसत नाहीत. एक, आपण डिसेंबरच्या शेवटी जातोय. रात्री चांगलीच थंडी असते तिकडे, पाऊसही पडतो. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत, सगळं चौकाकडे उघडतं. चौकावर काच नसेल तर खोलीतून जेवायला जाताना शाल लागते. माझ्या खोलीत हीटर होता तो लावला की बाथरूममधला दिवा जायचा. दोन, आवाज. चौकात कोणी खोकलं तरी वरच्या मजल्यावर ऐकू जातं.

ओंकार: म्हणजे तात्यांचं घोरणं चारही खोल्यांत डॉल्बीमध्ये

तात्या: मी घोरत नाही. कुंदाला विचारा.

कुंदाआत्या: मला कशाला मधे घेता.

बापूकाका: 👍

सुधाकाकू: जेवणाचं काय पण? कुंदाताईंना शाकाहारी लागतं.

केतकी (रॉटरडॅम): उलट तिथे घरातच राहणं सोयीचं आहे मामी. सकाळी सांगून ठेवलं की रात्री आपल्यापुरतं करून देतात. बाहेर "भाज्यांचं ताजिन", म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेली रस्सेदार भाजी, मागितलं तरी रस्सा मटणाचा असू शकतो, विचारून घ्यावं लागतं. सकाळी म्समन म्हणजे आपल्या घडीच्या पोळीची चुलत बहीण, मध, जैतून, पुदिन्याचा चहा. आणि बिसारा मिळतो बाजारात, सुक्या बाकल्याच्या शेंगदाण्यांचं.. सॉरी, दाण्यांचं सूप, वर जैतुणाचं तेल आणि जिरं. आईला आवडेल, पिठल्यासारखं लागतं.

कुंदाआत्या: पिठलं खायला मोरोक्को 🙂 पण चालेल. मात्र ते चामड्याचे हौद आहेत ना, त्या वाऱ्याला घर नको हं.

केतकी (रॉटरडॅम): शुआराचे, म्हणजे तिथल्या चामडं कमावण्याच्या जागेचे. खरंच आहे ते, चुना आणि कबुतराची विष्ठा वापरतात, वरच्या गच्चीवर जाताना दुकानदार नाकाला लावायला पुदिना देतो आणि मग एक तासभर जाकिटं दाखवतो.

शीलाकाकू: पायऱ्या.

प्राचीवहिनी: आला रिप्लाय. सात मिनिटं रसिफवरून. वाटेत पायऱ्या "काहीच". काहीच म्हणजे थोड्या का अजिबात नाहीत ते भाषांतरात कळत नाहीये. खोल्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर, खाली फक्त बैठकीची जागा. जिना अरुंद आहे असं त्याने स्वतःच लिहिलंय.

शीलाकाकू: झालं.

बापूकाका: हॉटेल स्टेशनजवळ असावे. स्टेशन नव्या शहरात आहे. लिफ्ट असते.

हेमंत: बाबा तिसऱ्यांदा.

बापूकाका: कोणी उत्तर दिले नाही म्हणून.

हेमंत: बरं उत्तर. तिथे राहिलो तर रोज सकाळी टॅक्सीने जुन्या शहरात, संध्याकाळी परत. लाल छोट्या टॅक्सीत तीनच माणसं बसवतात, आपण अकरा, म्हणजे चार टॅक्स्या, रात्री भाडं दीडपट. आणि दुपारी कोणाला तासभर पडायचं असेल तर?

सुधाकाकू: दुपारचं पडणं महत्त्वाचं आहे हा मुद्दा मला पटला.

शीलाकाकू: मग असं करा ना. ज्यांना हौस आहे त्यांनी वाड्यात राहा. मी, हे आणि आई नव्या शहरात राहतो. आमच्यामुळे कोणाची गैरसोय नको.

कुंदाआत्या: आईला मधे आणू नका वहिनी. आईचं बालपण आणि निम्मा संसार वाड्यात गेलाय, तिला तर ते घर बघून भरून येईल. कोणी विचारलंय का तिला?

शीलाकाकू: विचारा की. औषधं मी देते, पण विचारायला तुम्ही आहातच वन्सं.

सुधाकाकू: ओंकार तू आजींपाशी आहेस ना, विचार बरं, आणि त्यांनाच बोलू दे.

ओंकार: विचारलं. मी शब्दशः टाइप करतोय, एकही शब्द माझा नाही. "कुंदेला सांग, वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. जिन्यावरून दोनदा पडले, पाणी खालून भरायचं, संडास चौकाच्या पलीकडे, रात्री कंदील घेऊन जायचं. तुला काय भरून येतंय? तू सात वर्षांची होतीस. मला कमोड, गरम पाणी आणि खाली खोली. मग महालात ठेवा नाहीतर धर्मशाळेत."

कुंदाआत्या: हा मेसेज डिलीट केला आहे

ओंकार: आत्या डिलीट काय केलं? मी वाचलं पण 😂

तात्या: आईंनी तीन निकष दिले आहेत. इतकं स्पष्ट या ग्रुपवर प्रथमच कोणी बोललं.

प्राचीवहिनी: ओके. मग मी बाथाच्या बाजूचं अजून एक बघितलं होतं ते पुन्हा टाकते. टॅक्सी स्टँडवरून गल्लीने दोन मिनिटं, सपाट, मालकिणीने गल्लीचा व्हिडिओच पाठवलाय. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, दोन्हीला बाथरूम आत. चौकावर काचेचं छत, खोलीत गरम हवेचा एसी. कारंजं आहे पण बंद असतं. फरशा पहिल्याइतक्या सुंदर नाहीत आणि रात्रीला थोडं महाग. म्हणून आधी बाजूला ठेवलं होतं, कारण मागच्या वेळी महाग म्हणून कोण बोललं होतं ते पण मी नाव घेऊन सांगत नाही.

केतकी (रॉटरडॅम): वहिनी हे घे!! बाथा बेस्ट. रात्री जेवून परत येताना हरवायची पण भीती नाही. आत खोलवर गेलं की मॅप येड्यासारखा फिरतो, नऊ हजारांच्या वर गल्ल्या आहेत म्हणतात, त्यातल्या किती तरी पुढे बंद. आणि मग एक मुलगा येतो, "तो रस्ता बंद आहे, मी दाखवतो" म्हणतो, आणि दाखवायचे पैसे मागतो. रस्ता बंद नसतो. आणि मागून कोणी "बालाक! बालाक!" ओरडलं की भिंतीला चिकटायचं, खेचर येत असतं.

ओंकार: बालक म्हणजे मी ना

हेमंत: खेचर पण तूच

शीलाकाकू: व्हिडिओ बघितला. गल्ली बरी आहे. एक उंबरा उंच दिसतोय.

प्राचीवहिनी: आई उंबऱ्याला धरायला मी आहे.

शीलाकाकू: हो गं. तू आहेसच. गच्ची आहे का पण? मला गच्चीवर जायचं नाहीये, फक्त विचारतेय.

प्राचीवहिनी: आहे. दोन मजले चढून. तिथून टेकडीवरच्या मरिनिद राजघराण्याच्या कबरी दिसतात म्हणे. चहा खाली आणून देतील.

शीलाकाकू: म्हणजे तुम्ही सगळे वर आणि मी, आई खाली चहा घेत बसायचं. बरं. एकदा चढेन मी. हळूहळू.

कुंदाआत्या: मी पण खालीच बसेन तुमच्याबरोबर. मला काय गच्चीचं कौतुक नाही.

ओंकार: आजी विचारतेय कारंजं बंद का असतं

बापूकाका: स्टेशनपासून किती?

हेमंत: टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं बाबा.

बापूकाका: ठीक आहे. माझी हरकत नव्हतीच.

प्राचीवहिनी: मग पहिलं कॅन्सल करून हे तीन रात्री घेते. शेवटचं विचारतेय, कोणाला काही म्हणायचंय का? नंतर म्हणायचं नाही.

ओंकारचे बाबा: परतीचे विमान कॅसाब्लांकाहून पहाटे ५:१० चे आहे. फेझहून ट्रेनने चार तास लागतात. मग तिसरी रात्र फेझला कशी?

ओंकार: बाबा!! मार्चपासून तुमचा हा पहिला मेसेज आहे

हेमंत: अरे यार

प्राचीवहिनी: थांबा. कोणीही काही लिहू नका. मी तिकीट काढून बघतेय.

केतकी (रॉटरडॅम): बरोबर आहे काकांचं. शेवटची रात्र कॅसाब्लांकाला घ्यावी लागेल, विमानतळाच्या खालीच ट्रेन येते पण एवढ्या पहाटेची मिळेलच असं नाही.

बापूकाका: कॅसाब्लांकालाही हॉटेल स्टेशनजवळ असावे.