५० नॅनोमीटरची एनबीएन फिल्म, लॅम्बडा ३०० नॅनोमीटर, तरी चुंबकीय क्षेत्र आरपार का जात नाही?

पातळथर:
नायोबियम नायट्राइड (एनबीएन) या अतिवाहकाची फिल्म: जाडी ५० नॅनोमीटर, आकार १० × १० मिमी, टीसी (ज्याखाली ती अतिवाहक होते ते तापमान) १५ केल्विन. रोधकतेवरून लॅम्बडा (चुंबकीय क्षेत्र अतिवाहकात शिरतं ती खोली) ३०० नॅनोमीटर येतो. जाडी त्याच्या जेमतेम सहावा भाग, म्हणजे क्षेत्र सहज आरपार जायला हवं. पण दोन-कॉइल मापनात (क्षेत्र निर्माण करणारी ड्राइव्ह कॉइल वर, ते टिपणारी पिकअप खाली, त्रिज्या १ मिमी, ५० किलोहर्ट्झ) ४.२ केल्विनला सिग्नल १ टक्क्याच्याही खाली जातो. शिवाय प्रभावी खोली एका सूत्रानं १.८ मायक्रोमीटर येते, दुसऱ्यानं ३.६. खरी कुठली?

गोठणबिंदू:
लॅम्बडाची जाडीशी तुलना क्षेत्र फिल्मला समांतर असेल तेव्हाच कामाची. दोन्ही बाजूंना सारखं समांतर क्षेत्र लावलं, तर तुमच्या फिल्मच्या मध्यावर ते बाहेरच्यापेक्षा हजारात साडेतीन इतकंच कमी असेल. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

कॉइलचं क्षेत्र मात्र बहुतांशी लंब असतं. त्याला अडवणारे प्रवाह फिल्मच्या पृष्ठभागात गोल फिरतात आणि त्यांना पसरायला १० मिमी जागा आहे. इथली लांबी जूडिया पर्ल यांनी १९६४ मध्ये दाखवली (हो, पुढे कार्यकारणभावाच्या गणितासाठी गाजलेले तेच): २ × लॅम्बडाचा वर्ग ÷ जाडी. तुमच्यासाठी ३.६ मायक्रोमीटर. फिल्म त्याहून हजारो पट रुंद, म्हणून ती उत्तम पडदा ठरते. उरणारा सिग्नल ढोबळमानाने पर्ल लांबी ÷ कॉइलची त्रिज्या, म्हणजे हजारात तीन-चार. तुमचं मापन याच्याशी जुळतंय.

१.८ हा आकडा लॅम्बडा × कॉथ(जाडी ÷ लॅम्बडा) या सूत्राचा (कॉथ म्हणजे हायपरबोलिक कोटँजंट), मायक्रोवेव्हवाल्यांचा. पातळ फिल्ममध्ये तो लॅम्बडाचा वर्ग ÷ जाडी इतका होतो, म्हणजे पर्ल लांबीच्या निम्मा. भौतिकी एकच, दोन्हींतून प्रति चौरस गतिज इंडक्टन्स (इलेक्ट्रॉनांच्या जडत्वामुळे येणारा) २.२६ पिकोहेन्रीच निघतो. पडताळायचं असेल तर १.३८ × (प्रति चौरस रोध ओहममध्ये) ÷ टीसी करा. रोध २४-२५ ओहम असेल तर तेवढंच उत्तर मिळेल.

लॉकइन:
वरचं सगळं मान्य, पण हजारात तीन-चार हा सिग्नल खरा फिल्ममधून आलाय की कडेवरून वळसा घालून, हे आधी तपासा. त्याच आकाराचा शिशाचा जाड पत्रा ठेवून ४.२ केल्विनला मोजा (शिशाचा टीसी ७.२ केल्विन). जे उरेल ती गळती. फेजसकट वजा करा. गळती सिग्नलच्या बरोबरीची निघाली, तर लॅम्बडाचा आकडा विसरा आणि छोटी कॉइल गुंडाळा.

फिल्मखाली तांब्याचा होल्डर नको, भोवरप्रवाह फेज बिघडवतात. ड्राइव्ह प्रवाह निम्मा करून पाहा: सिग्नल बरोबर निम्मा व्हायला हवा. नाही झाला, किंवा तिसरा हार्मोनिक (ड्राइव्हच्या तिप्पट वारंवारतेचा सिग्नल) दिसला, तर तुम्ही फिल्ममध्ये व्होर्टेक्स (चुंबकीय फ्लक्स धरून ठेवणारे प्रवाहाचे बारीक भोवरे) ढकलताय आणि मोजताय तो लॅम्बडा नव्हे. टीसीजवळ हे लवकर होतं. दोन-द्रव मॉडेलनुसार (सामान्य आणि अतिवाहक इलेक्ट्रॉन वेगळे धरणारं) टीसीच्या ०.९९ पटीला पर्ल लांबी ९० मायक्रोमीटरच्या आसपास जाते.

पातळथर:
शिशाचा पत्रा करतो. पण स्थिर क्षेत्रात थंड केल्यावर हॉल प्रोबला (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या संवेदकाला) काहीच फरक दिसत नाही. पडदा इतका चांगला, तर क्षेत्र बाहेर का फेकलं जात नाही?

गोठणबिंदू:
कारण टीसीमधून उतरताना ते व्होर्टेक्स बनून आत अडकतं. ५० मायक्रोटेस्लामध्ये, म्हणजे साधारण पृथ्वीच्या क्षेत्रात, दोन व्होर्टेक्समधलं अंतर ६.९ मायक्रोमीटर येतं. तुमच्या फिल्मवर सुमारे २४ लाख बसतात. पट्टी व्होर्टेक्सशिवाय पूर्ण रिकामी राहण्याची मर्यादा अंदाजे फ्लक्स क्वांटम (एका व्होर्टेक्समधला फ्लक्स) ÷ रुंदीचा वर्ग. ५ मायक्रोमीटरच्या पट्टीला ती ८३ मायक्रोटेस्ला, १० मायक्रोमीटरला २१. १० मिमीला फक्त २० पिकोटेस्ला, म्हणजे म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) कवच घालूनही अशक्यच. सर्किटसाठी हवं असेल तर रुंद भागांना खाचा पाडून अरुंद पट्ट्या करा.

लॉकइन:
आणि शून्य क्षेत्रात थंड करून मग लंब क्षेत्र लावणार असाल, तर कडा जपा. इतक्या पातळ थरात कडेवरचं क्षेत्र लावलेल्याच्या शेकडो पट होऊ शकतं, त्यामुळे कात्रीचा किंवा एचिंगचा एक दात पुरतो. फ्लक्स तिथूनच घुसतो. तापमान खूप कमी असेल तर तो सावकाश न शिरता फांद्याफांद्यांच्या हिमस्खलनासारखा एका झटक्यात शिरतो. एनबीएन, नायोबियम, मॅग्नेशियम डायबोराइड तिघांत हे होतं. वर सोन्याचा किंवा तांब्याचा थर दिला की बरंच आटोक्यात येतं. मात्र तो थर दोन-कॉइल मापनाच्या नमुन्यावर देऊ नका.