गार हवेतल्या बागेसाठी मिरच्या आणि भाज्या सुचवा

गारठा_आणि_वाफे
आमचा उन्हाळा तोकडा आहे. शेवटच्या हिमापासून पुढच्या पहिल्या हिमापर्यंत जेमतेम चार महिने, त्यातही रात्री गारच. जागा म्हणजे दोन वाफे आणि उन्हाच्या भिंतीलगत काही कुंड्या. मिरचीला फुलं येतात, पण गळून जातात. तिखट मिरची तर हवीच आहे. कोणत्या जाती घेऊ? वाफ्यांत काय लावू?

काळी_माती
रात्री पारा १२-१३ अंशांखाली राहिला की मिरची फळ धरायला कुचराई करते. म्हणून आधी बियांच्या पाकिटावर फळ यायला लागणारे दिवस बघा, तिखटपणा नंतर. हे दिवस बहुतेक वेळा रोप बाहेर लावल्यापासून मोजतात, पेरल्यापासून नाही. ७५ च्या आतलीच जात घ्या.

माझी पहिली पसंती हंगेरियन हॉट वॅक्स. गार हवेतही धरते आणि पिवळी असतानाच तोडता येते, लाल व्हायची वाट बघावी लागत नाही. दुसरी अर्ली हालापेन्यो, तीही हिरवीच खायची. हाबानेरोच्या नादी लागू नका, तिला लांब आणि ऊबदार हंगाम लागतो.

बी घरातच पेरा, शेवटच्या हिमाच्या ८-१० आठवडे आधी. रुजायला माती २५ ते ३० अंश हवी, खिडकीतल्या गार मातीत बी नुसतं पडून राहतं किंवा कुजतं. बाहेर नेण्याआधी आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, रात्री आत ठेवा. भिंतीलगतच्या कुंड्या मात्र फक्त मिरचीला द्या. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, आणि ती ऊब मिरचीइतकी दुसऱ्या कुणालाच लागत नाही.

लवदार_पान
वरच्या सगळ्याला अनुमोदन. त्यात एक रोकोटो जोडा. ही अँडीज पर्वतातली मिरची, जांभळी फुलं, काळ्या बिया, जाड गराची फळं. गार रात्री तिला चालतात, हिम मात्र अजिबात नाही. फळाला फार वेळ घेते, म्हणून मोठ्या कुंडीत लावा, थंडीआधी छाटून घरात घ्या. झाड अनेक वर्षं जगतं, दुसऱ्या वर्षी फळ लवकर येतं.

मुळा_पालक
वाफ्यांत वाटाणा, मुळा, नवलकोल, बीट, गाजर, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी). वाटाणा ५ अंशांच्या मातीतही रुजतो, तेव्हा तो सगळ्यात आधी. केल हिम पडल्यावर जास्त गोड लागते, शेवटपर्यंत उभी ठेवा. पालक लवकर पेरा किंवा थेट उन्हाळा उतरताना, मोठ्या दिवसांत तो तुऱ्यावर येतो. भेंडी आणि वांगी वगळा.

गारठा_आणि_वाफे
खूप आभार! हंगेरियन आणि एक रोकोटो नक्की. टोमॅटो जमेल का?

काळी_माती
जमेल. स्टुपिसे ही लवकर येणारी जात घ्या, किंवा कुठलाही चेरी टोमॅटो. पण भिंतीजवळ नको, वाफ्याच्या उन्हाच्या टोकाला लावा. जमीन तापायला लागवडीआधी काळं प्लास्टिक अंथरून ठेवा.