अनुभव धागा: दम नसलेलं बॅटरीचं रोटरी टूल घरच्या घरी सुधारताना

पंचवटी_कट्टा
तांबट लेनमधून जाताना एका ओट्यावर पितळी घंगाळाच्या काठावर छोटं बॅटरीचं रोटरी टूल (बारीक बिट फिरवून घासणारं, कापणारं हातातलं यंत्र) चाललं होतं. हवेत सूं करून फिरायचं, काठाला टेकलं की गुरगुरून बंद. तो आवाज ऐकला आणि या टूलचं दुखणं आठवलं. टूल म्हणजे ३.६ व्होल्ट, एकच १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल), तीन स्पीड. ज्यांनी ते उघडून त्यात जीव आणला त्यांनी काय बदललं ते लिहा.

माझं म्हणणं एकच, मोटर बदलायच्या आधी मीटर लावा. टूल फुल स्पीडला ठेवा, कारण खालच्या स्पीडला बोर्ड पुरवठा तोडून तोडून देतो आणि मीटरचा आकडा फसवतो. सँडिंग ड्रम लाकडावर टेकवून लोड द्या. मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी थेट सेलच्या टोकांवर मोजा, मग मोटरच्या पायांवर. सेलवर ३.५ आणि मोटरवर २.८ आलं तर ०.७ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे पाचवा हिस्सा. कुठे गेले ते बघायला एक पिन सेलच्या प्लसवर, दुसरी मोटरच्या प्लसवर. येईल तो आकडा त्या बाजूचा तोटा. तसंच मायनसला. बहुतेक वेळा मायनस जास्त खाते, कारण मॉस्फेट (मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि प्रोटेक्शन (सेल सांभाळणारं सर्किट) दोन्ही तिकडेच असतात.

सोल्डर_आणि_चहा
+१. आणि तारा! आत २८ गेजच्या केसासारख्या तारा असतात. जाऊन येऊन ३० सेंमी धरली तर साधारण ०.०६ ओहम. ५ अँपिअरला ०.३ व्होल्ट नुसते तारेत. त्या काढा आणि १८ गेजची सिलिकॉन तार टाका. ती मिळाली नाही तर साधी पाऊण चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड चालते, फक्त पीव्हीसी सोल्डरिंगच्या इस्त्रीजवळ वितळतं म्हणून आधी दोन्ही टोकांना कथील चढवून घ्या. बोर्डावरच्या बारीक पट्ट्यांवरचा हिरवा रंग ब्लेडने खरवडून वर कथिलाचा थर द्या. पाव तासाचं काम आहे, आणि हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो.

नाशिकरोड_ताई
सेल कुठला घ्यायचा ते लिहा कुणीतरी. कुकर लावलाय, वाचते नंतर.

सातपूर_जनरल_शिफ्ट
ताई, डब्यावर "हाय ड्रेन" लिहिलंय म्हणून घेऊ नका, अँपिअर बघा. सॅमसंग २५आर हा २,५०० एमएएच (सेलमध्ये किती साठतं त्याचं माप) आणि सलग २० अँपिअर. ३०क्यू हा ३,००० एमएएच आणि १५ अँपिअर. लॅपटॉपमधून काढलेले सेल एमएएचला चांगले दिसतात, पण ते थोड्या करंटसाठी बनवलेले, मोटरच्या लोडला लगेच बसतात. आणि ९,९०० एमएएच लिहिलेला १८६५० नक्की खोटा. या मापात ३,५०० ते ४,००० च्या आसपास हद्द संपते. वजन करा, अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० भरला तर परत करा. सराफाचा काटा जवळ असेल तर उत्तमच.

सिडको_बेंच
नवा सेल टाकूनही टूल टेकवलं की झटकन बंद, आणि थोडं थांबून बटण दाबलं की पुन्हा चालू? मग मोटर अडत नाहीये, प्रोटेक्शन तोडतंय. डीडब्ल्यू०१ नावाची सहा पायांची चिप ८२०५ए या जोड-मॉस्फेटवर पडणारा व्होल्टेज बघते. तो ०.१५ च्या आसपास गेला की लाइन कापते. एका ८२०५ए वर ते साधारण ३ अँपिअरला होतं. तिच्या पाठीवर तशीच दुसरी ठेवून पायाला पाय सोल्डर केला की रेझिस्टन्स अर्धा आणि मर्यादा दुप्पट. पाय जोडताना दोन पायांमध्ये पूल झाला तर कथील ओढायची जाळी वापरा.

प्रोटेक्शन काढून सरळ तार मारू नका, हे हात जोडून सांगतो. स्विच चालू राहिला तर सेल पार तळाला जातो. असा सेल पुन्हा चार्ज केला की आतून शॉर्ट व्हायची भीती असते.

मुक्त_विद्युत
मॉस्फेट बदलताना सगळे एकच चूक करतात, दुकानात सहज मिळतो म्हणून आयआरएफझेड४४एन लावतात. त्याच्या गेटला १० व्होल्ट लागतात. आपल्याकडे ३.७ आहेत, तो अर्धवट उघडतो आणि चटका देतो. ज्याच्या डेटाशीटमध्ये २.५ व्होल्ट गेटवरचा रेझिस्टन्स दिलाय असाच घ्या. एओ३४०० चालतो, दोन समांतर लावा. मोटर बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवायला मोटरवर उलटा डायोड १एन५८२२. १एन४००७ या कामाला मंद पडतो. मोटरच्या पायांवर १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर, ठिणगीचा त्रास बोर्डाला कमी होतो.

गंगापूर_रोड
मी म्हणतो दोन सेल ओळीत लावा, ७.४ व्होल्ट, प्रश्न मिटला.

सिडको_बेंच
दादा, नाही मिटत. मोटर ३.६ साठी गुंडाळलेली आहे. तिचा रेझिस्टन्स ०.३ ओहम धरला तर अडकल्यावर ३.७ ला १२ अँपिअर, ७.४ ला २४. उष्णता चौपट. कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) आधी जातात, मग ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडतो. शिवाय बोर्डावरचा कंट्रोलर बहुधा ५.५ व्होल्टपर्यंतचाच असतो, पूर्ण भरलेल्या दोन सेलचे ८.४ मिळाले की त्याच क्षणी मेला. वेगाचंही बघा: ३८ मिमीची कटिंग डिस्क १५,००० फेऱ्यांना कडेला सेकंदाला ३० मीटर जाते, ३०,००० ला ६०. पाकिटावर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडली की डिस्कचे तुकडे तोंडावर येतात. चष्मा घाला, डिस्कच्या रेषेत तोंड नको.

दोन सेल करायचेच तर मोटरही ७.२ ते १२ व्होल्टची त्याच मापाची शोधा. ३८५ मापाच्या मोटरचं कवच साधारण २७.७ मिमी, शाफ्ट २.३ मिमी, व्हर्नियरने मोजूनच आणा. दोन्ही सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे, जोडण्याआधी ०.०५ व्होल्टच्या आत. बॅलन्सवाला टू-एस बीएमएस (ओळीतल्या दोन सेलचा प्रोटेक्शन बोर्ड), ८.४ व्होल्टचा चार्जर. टीपी४०५६ हा चार्जिंग बोर्ड एका सेलचाच आहे, ओळीतल्या दोघांना लावू नका.

सोल्डर_आणि_चहा
आणि बूस्ट मॉड्यूलही (एका सेलचा व्होल्टेज वाढवून देणारा बोर्ड) नको. ८ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे २४ वॉट. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर ३.५ व्होल्टच्या सेलमधून ८ अँपिअर ओढायचे. म्हणजे अडचण होती तिथेच परत आलो.

पिंपळगाव_द्राक्ष
छाटणीच्या बॅटरी कात्रीचा जुना पॅक पडलाय, २१ व्होल्टचा. त्यातले सेल चालतील का? ऑक्टोबर छाटणी झाली, आता कात्रीला काम नाही.

सातपूर_जनरल_शिफ्ट
काका, २१ म्हणजे पाच सेल ओळीत, ४.२ गुणिले ५. एखादाच मेलेला असतो, बाकीचे चांगले निघतात. सेल जोडणारी निकेलची पट्टी पक्कडीने सेलभोवती गुंडाळत हळू सोला, खेचू नका. आठवडाभर ठेवून व्होल्टेज बघा, घसरला तो बाद. २ व्होल्टखाली सापडलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. प्लसच्या टोकाची कागदी चकती फाटली तर नवी लावाच, कारण तिच्या खालची कड मायनस असते. रिवाइंडिंगवाल्याकडचा लेदरॉइड कागद कापून छान बसतो.

पिंपळगाव_द्राक्ष
बरं झालं विचारलं. सोल्डरने जोडू का?

सातपूर_जनरल_शिफ्ट
शक्यतो स्पॉट वेल्डिंग. नाहीच जमलं तर टोक पॉलिश पेपरने खरवडून, फ्लक्स लावून, ८० वॉटची इस्त्री, दोन सेकंदांत हात काढायचा. २५ वॉटची घेऊन दहा सेकंद धरलं तर उष्णता आत शिरते. पट्टी शुद्ध निकेलची आहे का ते ग्राइंडरला लावून बघा, ठिणग्या उडाल्या तर लोखंडावर मुलामा आहे.

भद्रकाली_तेल
विजेचंच बोलताय सगळे. कोलेट (बिट पकडणारी चिमटी) उघडून आतली पितळेची भुकटी ब्रशने काढा. शाफ्ट बोटांनी फिरवा, जड लागला तर पुढच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकाने. खोबरेल नको, थंडीत गोठतं. मागच्या बाजूला तेल मुळीच नको, कम्युटेटरवर गेलं की कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो आणि ठिणगी वाढते. बिट वाकडा बसला असेल तर अर्धा दम थरथरण्यातच जातो.

नाशिकरोड_ताई
आले. माझं काम चांदीच्या समईच्या नक्षीत शिरलेलं काळं काढायचं, त्याला एवढं सगळं लागेल का?

भद्रकाली_तेल
नाही हो ताई. फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) टोकदार बॉब, रूज पॉलिश, सगळ्यात खालचा स्पीड. दाबू नका, नुसता फिरवा. चांदी गरम लागली की थांबा. वायर ब्रश नक्षीला लावू नका, रेघा कायमच्या राहतात.

मुक्त_विद्युत
जुने सेल घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला की पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पिंपळगाव_द्राक्ष
पॅक उघडला. चार सेल ३.६, एक १.१. एक पॉइंट एकवाल्याला आत्ताच चिकटपट्टी लावून बाजूला ठेवलं.

सिडको_बेंच
काका, बाकीचे चार आठवडाभर ठेवा आणि आकडे इथेच टाका.