चौतीस इनिंगला 'खालून वर आला' म्हणायचं?

पिट्सबर्गकर
मंडळाच्या ग्रुपवर काल कुणीतरी लिहिलं, "बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सकडे बघा, मायनर लीगच्या (मोठ्या लीगखालच्या संघांच्या) धुळीतून एकेक पायरी चढत साय यंगपर्यंत (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) पोचला. मुलांना दाखवा." मला राहवलं नाही. कुठली धूळ? २०२३च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर, ९२ लाख डॉलर साइनिंग बोनस. त्या उन्हाळ्यात खालच्या संघांकडून पाच सामने, पुढच्या वर्षी इंडियानापोलिसच्या मायनर संघाकडून सात. सगळ्या मिळून चौतीस इनिंग! ११ मे २०२४ला पायरेट्सकडून, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या मोठ्या संघाकडून, पहिला सामना. मी स्टँडमध्ये होतो, पाचव्या इनिंगला पाऊस आला तरी कुणी घरी जाईना. त्याच्या गुणवत्तेबद्दल वाद नाहीच. पहिल्या वर्षी १.९६ ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) आणि रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), पुढच्या वर्षी एकमताने साय यंग.

पण मायनर लीग मी जवळून पाहिली आहे. आमच्या आधीच्या गावात संघातली पाच पोरं दोन खोल्यांत राहायची, जमिनीवर हवेच्या गाद्या टाकून. एकाला जेवायला बोलावलं, तर उरलेल्या सहा पोळ्या त्याने फॉइलमध्ये गुंडाळून मागून नेल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खायला. २०२३च्या करारापूर्वी ट्रिपल-एचा (मायनरच्या सगळ्यात वरच्या पातळीचा) किमान पगार वर्षाला साडेसतरा हजार डॉलर होता, खालच्यांचा त्याहून कमी. त्यातले बहुतेक कधीच वर पोचत नाहीत. स्कीन्सला त्यांच्या रांगेत बसवणं हा त्या पोरांचा अपमान आहे.

तिसरी स्लिप
काका, कष्ट पगारावर मोजायचे का? हा मुलगा एअर फोर्स अकादमीत होता, पिचिंगबरोबर कॅचिंगही करायचा. आवडता गणवेश सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला. ते तुमच्या चौतीस इनिंगमध्ये कुठे दिसतं?
आणि इंडियानापोलिसला २७ इनिंगमध्ये ४५ स्ट्राइकआउट (फलंदाज बाद) काढूनही मेपर्यंत तिथेच ठेवला, त्याचं काय? मोठ्या लीगमध्ये १७२ दिवस भरले की नोकरीचं एक वर्ष धरतात, आणि अशी वर्षं भरली की खेळाडू संघातून मोकळा होतो. ते दिवस भरू नयेत म्हणूनच. रुकी ऑफ द इयर झाला म्हणून नियमाने पूर्ण वर्ष पदरात पडलं. मालकांनी दिलं नाही, त्याने हिसकावून घेतलं.

जर्सीची आई
मेपर्यंत ठेवला ते चांगलंच केलं! सुरुवातीला तीनच इनिंग देत होते, मग हळूहळू वाढवत नेलं. एवढी काळजी माझ्या मुलाची कुणी घेतली असती तर! बारा वर्षांचा आहे. शनिवारी एका संघाकडून ऐंशी पिच (चेंडू), रविवारी दुसऱ्या संघाची टूर्नामेंट. रात्री वरणभाताचा घास उजव्या हाताने तोंडापर्यंत नेता येईना. डाव्या हातात चमचा धरून जेवला आणि मला म्हणाला, "आई, बाबांना सांगू नकोस."

तिसरी स्लिप
वाईट वाटलं. पण ताई, रविवारी त्याला पाठवलं कुणी?

जर्सीची आई
मी पाठवलं. हेच ऐकायचं होतं ना? अकरा-बारा वयाला दिवसाला ८५ पिचची मर्यादा, ६६च्या वर गेलं की चार दिवस विश्रांती, हे नियम मी नंतर वाचले. दोन्ही प्रशिक्षकांकडे वह्या होत्या, दोघेही पिच मोजत होते. कालचा आकडा एकानेही विचारला नाही. फी मात्र दोघांनी वेळेवर घेतली.

नाशिकचा डावखुरा
क्रिकेटमध्ये तरी वेगळं काय चालतं? माझा पुतण्या चौदाव्या वर्षी सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून टाकायचा. पाठीचं हाड चिरलं, वर्ष गेलं. आम्हीच टाळ्या वाजवत होतो.
मूळ मुद्द्यावर मी पिट्सबर्गकरांच्या बाजूने. रिंकू सिंग आठवतो का, आत्ताचा क्रिकेटवाला नव्हे, उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू? त्याला २००८मध्ये याच पायरेट्सने घेतलं. खालच्याच पातळ्यांवर वर्षं काढली, कोपर गेलं, २०१३मध्ये शस्त्रक्रिया. वर पोचला नाही. धूळ त्याने खाल्ली.

जुना फॅन
जपून काय होतं ते मला कुणी सांगावं. जुलै २०२४ला मिलवॉकीत सात इनिंग एकही हिट दिली नव्हती, ९९ पिचवर स्कीन्सला बाहेर काढला. मी टीव्ही बंद केला! वॉशिंग्टनचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग, त्यालाही असंच वाढवलं होतं. मायनरमध्ये अकरा सामने, मग पहिल्याच मोठ्या सामन्यात चौदा स्ट्राइकआउट, तेही पायरेट्सविरुद्ध. तीन महिन्यांत टॉमी जॉन, म्हणजे कोपराची शस्त्रक्रिया. २०१२मध्ये १५९ इनिंगवर हंगाम थांबवला. तरी शेवटी हात गेलाच.

जर्सीची आई
मध्ये २०१९ गाळलंत. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण होता? थांबवला म्हणूनच तिथवर पोचला.

जुना फॅन
२०१९ मान्य. मिलवॉकी नाही.

पिट्सबर्गकर
विषय कुठून कुठे गेला. एअर फोर्सचं तिसरी स्लिपने सांगितलं ते मी धरायला हवं होतं, तेवढं मागे घेतो. "मायनरच्या धुळीतून" हे मात्र मला आजही मान्य नाही. ताई, मुलगा कसा आहे?

जर्सीची आई
हाड वाढतं तिथेच सूज आहे. तीन महिने फेकायचं नाही. दुसऱ्या संघातून नाव काढलं. काल ग्लोव्हला तेल लावत बसला होता, डाव्या हाताने.