मदत हवी आहे: डोळे मिटले की तोल जातो

नमस्कार मंडळी. वय ४६, गुडघे-घोटे ठणठणीत, चक्कर-बिक्कर काही नाही. पण परवा राजगड उतरताना घसाऱ्यावर दोनदा बूड टेकलं, तेव्हापासून तोल सुधारायचं डोक्यात बसलंय.

रोज दात घासताना एका पायावर उभा राहतो. डोळे उघडे असले तर ४० सेकंद आरामात. मिटले की सातव्या-आठव्या सेकंदाला हात थेट बेसिनवर! (बायको म्हणते, आधी दात तरी नीट घासा.) तोल डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांच्या संवेदना यांवर चालतो, डोळे मिटले की उरलेल्या दोघांवर भार येतो, एवढं कळतं. उशीवर उभा राहिलो तर घोटा शिवणयंत्रासारखा थरथरतो. हे चालायचंच, की घाई होतेय?

जमिनीवर डोळे मिटून किती सेकंद जमले की मऊ पृष्ठभागावर जावं? सराव अनवाणी करू की बूट घालून? गडावर तर बूटच असतात. आणि खरं सांगा, डुगडुगत्या फळीवर तोल जमला म्हणून उतारावर पाय ठरतो, की माणूस नुसता फळीवरच हुशार होतो? फिजिओ किंवा नेहमीचे ट्रेकर असाल तर स्वतः काय केलंत ते लिहा.